मागाच्या शेडमधल्या उकाड्याची स्टोरी दिल्लीच्या पत्रकाराला कशी सुचवायची?

टॉवेलवाली

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. पत्रकारितेशी माझा संबंध घरी पेपर येतो एवढाच.

गेल्या उन्हाळ्यात मी दोन शेडमधलं तापमान लिहून ठेवलं. तापमान आणि ओलावा दोन्ही दाखवणारे छोटे डिजिटल मीटर मिळतात, तसे दोन घेतले. एक आमच्या कारखान्यात लावला, दुसरा मैत्रिणीच्या नवऱ्याच्या शेडला. त्याचे आठच यंत्रमाग आहेत, वर पत्रा. मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी आठ, दुपारी तीन आणि रात्री अकरा अशा नोंदी आहेत. रात्रीचे आकडे जॉबरदादा (माग दुरुस्त करणारे) लिहायचे. मधले काही रकाने रिकामे आहेत, कधी सुट्टी, कधी लाइट गेलेली. सगळं एक्सेलमध्ये भरलंय.

दिल्लीत एक पत्रकार आहेत, त्या हवामानाच्या धोरणांवर आकडेवारी घेऊन लिहितात. उष्णतेचे आराखडे, विजेची मागणी, पीकविमा असे विषय. त्यांना लिहावं असं मनात आहे. मसुदा असा केलाय:

"सोलापूर हे राज्यातील सर्वाधिक तापणाऱ्या शहरांपैकी एक आहे. येथील हजारो यंत्रमाग कामगार हवामान बदलाचे बळी ठरत आहेत. शेडमधील तापमान ४१ अंशांपर्यंत जाते. कृपया या गंभीर विषयाला वाचा फोडावी ही नम्र विनंती."

वाचलं की मलाच ते कलेक्टर कचेरीतलं निवेदन वाटतं. काय बदलू? आणि मराठीत लिहिलं तर चालेल का? इंग्रजी वाचता येतं, लिहिताना हात अडतो.

पूर्वभाग

ओ ताई, सोलापुरात सगळ्यांनाच गरम होलालंय, त्यात नवीन काय, असं म्हणून सोडून देतील ते.

मी बारा गावचं पाणी प्यायलेला जुना बातमीदार आहे, आता अशोक चौकाकडं डीटीपीचं दुकान टाकलंय. माझं ऐकाल तर आधी इथल्याच एखाद्या पेपरला द्या. दिल्लीची बाई इंग्रजीत छापणार, ते वाचणार कोण? इथं पहिल्या पानावर आलं तर दुसऱ्या दिवशी कामगार अधिकारी शेडमध्ये उभा राहतो.

आणि एक विसरू नका. एमआयडीसी मोठी दिसते, पण कुठल्या कारखान्यात हिशेबाला कोण बसतं हे चहाच्या टपरीवरच्या पोरालासुद्धा ठाऊक असतंय.

आकडेमोड

मी मूळची जुळे सोलापूरची, सध्या पुण्यात. एका इंग्रजी संकेतस्थळाच्या डेटा डेस्कवर बरीच वर्षं होते आणि बाहेरून येणाऱ्या स्टोरीच्या मेल वाचणं हे माझ्याच गळ्यात होतं. म्हणून जरा लांबण लावते.

तुझी मेल मी उघडली असती आणि बंद केली असती. विषय हलका आहे म्हणून नाही, त्यात मला करण्यासारखं काम नाही म्हणून. आकड्यांवर लिहिणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लागतात. हा आकडा कशाशी ताडून बघायचा, आणि तो कुणाच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. "४१ अंश" यात पहिलंही नाही, दुसरंही नाही. वर "बळी" हा शब्द आला की मला वाटतं निष्कर्ष आधी ठरलाय, आकडे मागून गोळा केलेत.

गंमत म्हणजे तुझ्याकडं दोन्ही गोष्टी आहेत. मेलमध्ये फक्त तापमान लिहिलंस आणि ओलाव्याचा रकाना फाइलीतच राहिला. खरी स्टोरी तिथं आहे.

हे तुला मी सांगायला नको, पण दिल्लीच्या बाईंना सांगावं लागेल: कोरड्या हवेत सुती ताण्याचे (उभे) धागे तुटतात, म्हणून शेडमध्ये मुद्दाम ओलावा धरतात. कुठं फवारे असतात, कुठं नुसतंच फरशीवर पाणी मारतात. सोलापूरची उन्हाळी हवा आधीच कोरडी, त्यामुळं आतली आणि बाहेरची हवा म्हणजे दोन वेगळे मुलूख. उदाहरणाला आकडे घेऊ, तुझे तू घाल. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के. आत ३८ अंश आणि ६० टक्के. नुसता थर्मामीटर बघणारा म्हणेल, आत तर चार अंशांनी बरं आहे! पण वेट बल्ब तापमान काढ, म्हणजे थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळल्यावर जे दिसेल ते. बाहेर ते २४ च्या आसपास येतं आणि आत ३१ च्या. घाम वाळला तर अंग थंड होतं. आत तो वाळतच नाही, नुसता गळतो. मागावरचा माणूस बनियन पिळतो ते त्यामुळं.

हे काढायला उपकरण नको. स्टल यांचं २०११ चं सूत्र आहे, तापमान आणि आर्द्रता घातली की एक्सेलच्या एका खान्यात उत्तर येतं. ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबासाठी बांधलेलं आहे आणि सोलापूर साडेचारशे मीटरच्या वर आहे. फरक किरकोळ पडतो, पण मेलमध्ये तसं एक वाक्य टाक. अशा एका वाक्यानं जेवढा विश्वास बसतो तेवढा दहा विशेषणांनी बसत नाही.

आता ताडून बघायचं कशाशी? हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या बघ. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० असावं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर असावं, किंवा सरळ ४५ गाठावं. तेही हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. सोलापूरची मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या घरात. म्हणजे ४३ ला आपला जीव कासावीस झाला तरी कागदावर लाट नसते. आणि इशाऱ्यावर चालणारं सरकारी यंत्र लाट जाहीर झाल्यावरच जोर धरतं. शिवाय त्या व्याख्येत आर्द्रता नाही आणि छताखालची हवा तर नाहीच.

अहमदाबादनं २०१० च्या उन्हाळ्यातल्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता आराखडा (उकाड्यात कुणी काय करायचं याची योजना) केला, पुढं बाकीच्यांनी त्याच वळणावर केले. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या अभ्याससंस्थेनं २०२३ मध्ये असे ३७ आराखडे तपासले, तेव्हा धोका नेमका कुणाला जास्त आहे याचा हिशेब बहुतेकांत नव्हता. तुझी फाइल त्या रिकाम्या जागेत बसते. म्हणून तुझ्या फाइलीत आणखी एक रकाना कर: ज्या दिवशी लाट जाहीर नव्हती त्या दिवशी आतलं वेट बल्ब किती होतं.

आता टेबल कुणाचं, म्हणजे जबाबदारी कुणाची. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि मेल लिहिणारे नेमकं हेच सोडतात. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कलम १३ वायुवीजन आणि तापमानाचं होतं. कलम १५ तर कृत्रिम आर्द्रतेचंच, आपल्या गिरण्यांसाठी केल्यासारखं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीच्या संहितेनं घेतली. विजेवर चालणारी जागा १९४८ च्या मूळ कायद्यात १० कामगारांना "कारखाना" ठरायची, संहितेत २० लागतात. तुझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याच्या शेडमध्ये दोन्ही पाळ्या, कांडीवाले (कांड्या भरणारे), जॉबर धरून माणसं किती? बारा-चौदा असतील तर संहितेच्या नजरेत ती जागा कारखाना नाही. सोलापूरच्या पूर्व भागात अशी शेड गल्लोगल्ली आहेत. कारखान्यांसाठी केलेले नियम ज्यांना लागू होतात त्यांच्या यादीत ती बसत नाहीत, आणि बाहेरच्या उकाड्याच्या व्याख्येत ती कधी नव्हतीच. धोरणावर लिहिणारी बाई यावर खुर्चीत सरळ होऊन बसते, बघ.

फाइलीबद्दल थोडं. रिकामे रकाने रिकामेच ठेव, अंदाजानं एकही भरू नकोस. मीटर कोणत्या कंपनीचा, जमिनीपासून किती उंचीवर, पत्र्यापासून किती लांब, उन्हाची तिरीप यायची का, हे वेगळ्या पानावर लिही. दोन्ही मीटर एक रात्र शेजारी ठेवून किती फरक दाखवतात तेही नोंदव. दोन शेड म्हणजे सोलापूर नव्हे, हे तूच आधी म्हण. तिनं म्हणायच्या आधी.

आणि कारखान्याचं उत्पादनाचं रजिस्टर, हजेरीपट, पगारपत्रक यातलं काहीही पाठवू नकोस. तू हिशेबाला आहेस, म्हणजे ते तुझ्या हाताखालून जातं आणि मोह होणार. उकाडा वाढला की नग किती घटतात हे त्यातून दिसेल, मला कळतंय. पण ते मालकाचे कागद आहेत आणि गळफास तुझ्या गळ्याला. नगावर मजुरी घेणारे कामगार स्वतःच्या डायरीत रोजचे नग लिहून ठेवतात. ती डायरी त्यांची. द्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

टॉवेलवाली

ताई, मैत्रिणीला फोन केला. दोन्ही पाळ्या धरून चौदा माणसं. मला वाटायचं कायदा सगळ्यांना सारखाच असतो.

सूत्र घालून बघितलं. दुपारी तीनपेक्षा रात्री अकराचे आकडे जास्त वाईट आलेत! तापमान उतरतं पण रात्रपाळीत पाणी मारणं चालू आणि डास येतात म्हणून खिडक्या बंद. हे मी बघतच नव्हते, रात्रीच्या नोंदी नुसत्या जॉबरदादांच्या हौसेखातर ठेवल्या होत्या.

पूर्वभाग दादा, इथल्या पेपरला द्यायचं म्हणता, पण नाव बाहेर गेलं तर?

भीमाकाठ

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मागातलं मला काही कळत नाही, पण बाहेरच्या पत्रकाराशी बोलायचा अनुभव आहे, तो उजनी धरणामुळं.

आपण बोलता बोलता म्हणतो, "धरण मायनसमध्ये गेलं." सोलापुरात शेंबड्या पोराला कळतं. बाहेरच्याला वाटतं, शून्याखाली पाणी कसं असेल? मग समजवावं लागतं. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळचं पाणी, आणि उपयुक्त साठा साडेत्रेपन्न. टक्केवारी मोजतात ती या साडेत्रेपन्नवर. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नासच्या खाली गेलं, म्हणजे मृतसाठ्यातून साधारण २७ टीएमसी किंवा त्याहून जास्त पाणी गेलं. पण "उणे पन्नास टक्के" एवढंच ऐकणारा समजतो की निम्मं धरण उरलंय, किंवा धरणच संपलंय. दोन्ही चूक. केंद्रीय जल आयोग दर आठवड्याला जलाशयांचं पत्रक काढतो, त्यात उपयुक्त साठाच मोजतात, त्यामुळं शून्याखाली काय चाललंय ते तिथं बघून उमगत नाही. एका पत्रकाराला मी मृतसाठ्याचा हा हिशेब कागदावर मांडून दिला. त्यांनी त्याआधीची माझी सगळी बडबड सोडली आणि तेवढा कागद नेला.

तेव्हा ताई, तुमच्या फाइलीत "ओलावा ६०" लिहिलं असेल तर ६० कशाचे, ते लिहा. "पाळी" म्हणजे किती ते किती, लिहा. "नग" म्हणजे काय, लिहा.

दुसरं, माहिती अधिकाराचा एक अर्ज आत्ताच टाकून ठेवा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं. सोलापूर जिल्ह्यात १० ते १९ कामगारांचे नोंदणीकृत यंत्रमाग कारखाने किती होते, एवढाच प्रश्न. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चालतं. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, नाही दिलं तर पहिलं अपील. तुमच्या नावावर नको असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर टाका. उत्तर यायच्या आधी मेल केली तरी बिघडत नाही, "अर्ज केला आहे" हे कळलं तरी त्यांना पुरतं.

पूर्वभाग

काका बरोबर बोलले. अर्ज टाकायचा असेल तर दुकानात या, टाइप करून देतो, पैसे नको.

नावाचं म्हणाल तर मी अजून माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. इथला बातमीदार शेडमध्ये येऊन चहा पितो, चार जणांशी तेलुगूत बोलतो, मग लिहितो. त्याला कळतं की बीडीच्या पाकिटावरचे पैसे आणि मागावरचे पैसे एकाच घरात येतात, बाई बीडी वळते, बाप्या मागावर. दिल्लीला हे कोण सांगणार?

आकडेमोड

तेच तर मेलमध्ये एका ओळीत लिहायचं, दादा. माझा इथल्या पेपरला विरोध नाही. पण दोघांनाही एकदमच पाठवून कुणालाच न सांगणं, हे नको. पहिल्याला सांगायचं की तुमच्याशिवाय अजून कुणाकडं नाही, आणि अमुक तारखेपर्यंत थांबते.

नाव गुप्त ठेवायचं असेल तर ते बोलणं सुरू व्हायच्या आधी ठरवून घे, मेलच्या पहिल्याच परिच्छेदात. सगळं सांगून झाल्यावर "हे छापू नका" म्हणालीस तर समोरच्यावर बंधन राहत नाही. कारखान्याच्या मेलवरून, कारखान्याच्या कॉम्प्युटरवरून काही नको. फाइलीच्या गुणधर्मात एक्सेल तुझं नाव ठेवतं, तेही पुसून टाक. कारखान्याचं नाव, गाळा नंबर काढ, "शेड अ" आणि "शेड ब" पुरे. आठ मागांच्या शेडच्या मालकाला मात्र विचारलंच पाहिजे. तो मैत्रिणीचा नवरा आहे, आणि बातमी आली की पहिला प्रश्न त्यालाच विचारतील. खरं तर तोही रात्री त्याच हवेत उभा असतो. त्याला खलनायक करणारी स्टोरी सोपी असते, आणि चुकीची.

भाषेचं राहिलं. इंग्रजीत लिही. मोडकं चालतं, लांब चालत नाही. दहा ओळी, बस्स. फाइलीतले मथळे इंग्रजीत ठेव. कामगारांचं बोलणं ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत लिहून खाली अर्थ दे.

टॉवेलवाली

आधी मराठीत मांडून बघितलं, मग इंग्रजी करीन. बघा जमलंय का.

"तुमच्या उष्णता आराखड्यांवरच्या लेखांत घरात आणि कामाच्या जागी साठणाऱ्या उष्णतेची नोंद कुणी ठेवत नाही असा मुद्दा येतो. सोलापुरातल्या दोन यंत्रमाग शेडमध्ये मी एका उन्हाळ्याच्या नोंदी ठेवल्या आहेत, तापमान आणि सापेक्ष आर्द्रता, दिवसातून तीनदा. धागा तुटू नये म्हणून शेडमध्ये ओलावा ठेवतात, त्यामुळे आतलं वेट बल्ब तापमान, लाट जाहीर नसलेल्या दिवशीही, बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं आणि रात्रपाळीत सर्वांत जास्त असतं. यातल्या एका शेडमध्ये १४ कामगार आहेत. नव्या संहितेतल्या २० च्या मर्यादेमुळे ती कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. अशी किती शेड आहेत यासाठी माहिती अधिकारात अर्ज केला आहे. दोन शेडवरून शहराबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. मूळ फाइल, मीटरची माहिती आणि रिकाम्या नोंदींची कारणं सोबत आहेत. मी याच उद्योगात नोकरी करते, म्हणून माझं व कारखान्यांचं नाव छापू नये अशी अट आहे. कामगारांशी बोलायचं असल्यास काही जण तयार आहेत, मराठी किंवा तेलुगूत."

मैत्रिणीचा नवरा आधी चिडला. मग म्हणाला, खिडकीला जाळी बसवायचा खर्च कोण देणार ते पण विचार म्हणावं त्यांना.

आकडेमोड

जाळीचं वाक्य मेलमध्ये घाल. मी डेस्कवर असते तर त्याच वाक्याला फोन उचलला असता.

दोन बदल. "बरंच वर" काढ, तिथं तुझा आकडा टाक, दोन्ही शेडचा वेगळा. आणि "असा मुद्दा येतो" ऐवजी त्यांच्या कोणत्या लेखात, ते नाव घे, नाहीतर सगळ्यांना पाठवलेली मेल वाटते. विषयाच्या ओळीत "गंभीर", "तातडीचे" काही नको. सोलापूर, यंत्रमाग शेड, रात्रीचं वेट बल्ब, २० ची मर्यादा, एवढे शब्द पुरे.

टॉवेलवाली

आणि उत्तरच आलं नाही तर?

आकडेमोड

आठवडाभर थांब, मग त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण, एकदाच. तरी नाही आलं तर दुसऱ्या पत्रकाराला किंवा पूर्वभाग दादांच्या ओळखीच्या माणसाला दे, आणि पहिल्या बाईंना तसं कळव. फक्त मे महिन्यापर्यंत थांबू नकोस. मेमध्ये देशभरातून सगळे उकाड्याच्याच मेल पाठवतात. शहरांच्या उन्हाळी आराखड्यांची हालचाल फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते, त्याच्या आधी, जानेवारीत पाठव.